कामाच्या कपड्यांची गोधडी

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं खेडं आहे. तिथल्या मिझुरी पेटवे यांचे पती दीर्घ आजारानंतर वारले. त्यांचे शेतात घालायचे कपडे घेऊन 1942 साली मिझुरीबाईंनी गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी आणि मायेनं ती पांघरता यावी, एवढाच हेतू. आज ही गोधडी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

साडेसात फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. सुती कापड, कॉर्डरॉय आणि पोत्यांचं कापड. ना नाव, ना तारीख, ना वेलबुट्टी. नुसत्या पट्ट्या आणि चौकटी. पण या पट्ट्या कशा निघाल्या ते कळलं की नजर बदलते. विजारीचा पाय घोट्याशी अरुंद आणि मांडीशी रुंद असतो. वरचा जादा भाग कापून पट्ट्या सारख्या करायचं काम मिझुरीबाईंनी सतरा-अठरा वर्षांच्या लेकीला, अर्लोन्झियाला दिलं. सदऱ्यांचे खालचे घेरही असेच कामी आले. कात्री फिरली तशी विजार विजार उरली नाही, सदरा सदरा उरला नाही. अंगाचा आकार गेला. उन्हानं, घामानं आणि धुण्यानं विटत गेलेलं कापड मात्र राहिलं. माणूस जगला कसा, हे त्या विटलेपणाइतकं खरं दुसरं काय सांगणार?

2002 पासून जीज बेंडच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत झळकल्या आणि अनेकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रं दिसली. ते साम्य खरं आहे. पण ही गोधडी फक्त चित्र म्हणून पाहिली तर तिचं अर्धं सौंदर्य निसटतं. इथली पट्टी किती लांब-रुंद असावी, हे शिवणारीच्या नजरेइतकंच विजारीच्या पायानंही ठरवलं आहे. जितकं कापड मागे राहिलं, तितक्यात रचना साधायची होती. त्या मर्यादेत तोल सांभाळणं, हीच इथली कला. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणाऱ्या बायकांना ही हिकमत लगेच ओळखू येईल.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मिझुरीबाईंनी हे कपडे पेटीत जपून ठेवले नाहीत. त्यांनी ते रोजच्या वापरात परत आणले. आठवणीला त्यांनी ऊब देण्याचं काम दिलं.

घरातल्या कुणासाठी आठवणींची गोधडी शिवायची असेल, तर समारंभाच्या भरजरी वस्त्रांआधी रोजच्या वापरातले कपडे निवडावेत. आणि कात्री घरातल्या धाकट्यांच्या हाती द्यावी. या गोधडीची हकिगत जगाला कळली, ती ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेल्या अर्लोन्झियाबाईंनी सांगितली म्हणून. आणि त्या ती सांगू शकल्या, कारण कापड कापायला त्या आईशेजारी बसल्या होत्या.