रेड वाईन हृदयाला चांगली, पण कोणाच्या तुलनेत?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. सरकार म्हणत होतं द्राक्ष शेतकऱ्याचं उत्पन्न, विरोधक म्हणत होते व्यसन. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय रखडला. त्या गदारोळात जे एक वाक्य सहज फिरत होतं ते आज तपासूया: 'रोज ग्लासभर रेड वाईन हृदयाला चांगली.' तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल तर कन्फाउंडिंग शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

गोष्ट फ्रान्समधली. फ्रेंच माणूस लोणी-चीज भरपूर खातो, तरी तिथे हृदयविकाराने मरणारे कमी. १९९१ मध्ये अमेरिकेत '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने हे कोडं घरोघरी पोचवलं. १९९२ मध्ये सर्ज रेनो आणि द लॉर्जेरिल यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की रोज २० ते ३० ग्रॅम अल्कोहोलने हृदयविकाराचा धोका किमान ४० टक्के कमी होऊ शकतो. पेपरात कारण दिलं होतं अल्कोहोल आणि प्लेटलेट्सचं. लोकांनी लक्षात ठेवली फक्त वाईन.

आता प्रश्न असा की धोका कमी, पण कोणापेक्षा? 'न पिणाऱ्यांपेक्षा' असं उत्तर येतं. मग हे न पिणारे कोण? १९८८ मध्येच शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात दाखवलं होतं की न पिणाऱ्यांच्या रकान्यात बरेच जण आधी पिणारे असतात. बीपी, लिव्हर, चालू औषधं अशा कारणांनी त्यांनी सोडलेली असते. म्हणजे आजारी माणसं एका पारड्यात घालायची आणि दुसरं पारडं निरोगी ठरवायचं! २०२३ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये १०७ अभ्यासांचा, ४८ लाखांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा आला. अशा त्रुटी हिशेबात धरल्यावर थोडं पिणाऱ्यांचा मृत्यूच्या धोक्यातला ठळक फायदा उरला नाही.

बरं, वाईनच का? बिअर का नाही? यावर माझा आवडता पेपर २००६ च्या 'बीएमजे'मधला आहे. डेन्मार्कच्या संशोधकांनी सुपरमार्केटची लाखो बिलं तपासली. वाईन घेणाऱ्यांच्या टोपलीत ऑलिव्ह, फळं, भाज्या, चिकन जास्त. बिअर घेणाऱ्यांच्या टोपलीत तयार जेवण, चिप्स, सॉसेज, साखर. मग हृदय वाईनने वाचलं की भाजीने? आपल्याकडे तर शब्दापासूनच घोळ. पनवेल काय किंवा कुठेही, 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात गिऱ्हाईक मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअर घेतं. नाशिकची रेड वाईन जेवणासोबत घेणारा वर्ग वेगळाच. त्याचा पगार, विमा आणि डॉक्टरही वेगळा.

मग पुढे केलं जातं रेझव्हेराट्रॉल, द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये भरपूर चरबी खाणाऱ्या उंदरांवरचा अभ्यास आला, आणि ते उंदीर खरंच जास्त जगले. पण डोस बघा: किलोमागे रोज २२.४ मिलिग्रॅम. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण १२.३ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला तरी रोज सुमारे ११० मिलिग्रॅम लागतील. लिटरभर रेड वाईनमध्ये २ मिलिग्रॅम धरलं (प्रमाण बरंच कमी-जास्त होतं), तर रोज ५५ लिटर, म्हणजे ७३ बाटल्या. पेपर वाचताना हा गुणाकार-भागाकार स्वतः करायची सवय लावा, अॅबस्ट्रॅक्टमध्ये तो करून दिलेला नसतो. २०१४ मध्ये इटलीच्या टस्कनीतल्या ७८३ ज्येष्ठांच्या लघवीतलं रेझव्हेराट्रॉल मोजून नऊ वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आला. मृत्यूशी किंवा हृदयविकाराशी काही संबंध सापडला नाही.

भारतात तुलनेचा गटच बदलतो. एनएफएचएस-५ नुसार १५ वर्षांवरच्या पुरुषांत जेमतेम १९ टक्के आणि बायकांत १ टक्का दारू पितात. इथे न पिणं ही आजाऱ्याची खूण नाही, ती घराघरातली रीत आहे. त्यामुळे 'आजारी म्हणून सोडलेले' इथल्या आकड्यांत तेवढा गोंधळ घालू शकत नाहीत. फायदा खरा असेल तर तो इथे जास्त स्वच्छ दिसायला हवा. २०१० मध्ये 'अॅथेरोस्क्लेरोसिस'मध्ये आलेल्या भारतीय पुरुषांच्या अभ्यासात तो दिसला नाही. उलट पिणाऱ्यांत हृदयविकार काहीसा जास्तच होता. आता आपल्याकडे बहुतेक दारू वाईन नसते, तेव्हा हा पुरावा थेट वाईनविरुद्ध नाही. तेवढी सवलत वाईनच्या बाजूला द्यायला हवी.

'सरळ प्रयोगच का करत नाहीत?' असं कोणी विचारेल. केलेत. इस्रायलमध्ये २२४ मधुमेही लोकांना दोन वर्षं जेवणासोबत १५० मिलिलिटर रेड वाईन, व्हाईट वाईन किंवा पाणी दिलं. निकाल २०१५ मध्ये आला: रेड वाईनच्या गटात चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं, रक्तदाबात फरक नाही. हे रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे झाले, हार्ट अटॅक मोजलेले नाहीत. ते मोजायला अमेरिकेत एनआयएचने हजारो लोकांवर १० कोटी डॉलरचा प्रयोग आखला होता. त्यातला बराच पैसा मद्य कंपन्यांकडून येणार होता आणि तो मागायला संस्थेचेच अधिकारी गेले होते. हे बाहेर आल्यावर जून २०१८ मध्ये प्रयोग बंद झाला. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: प्रयोगाची मुदत आणि माणसांची संख्या अशी होती की हृदयाचा फायदा दिसला असता, पण कॅन्सरचा धोका दिसायला ती पुरली नसती. आणि मद्याला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आयएआरसीने १९८८ मध्येच टाकलंय. त्यात वाईनला सूट नाही.