‘सगळं मावतं’ म्हणजे काय? कॅननच्या स्वस्त १०-१८ लेन्सविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एकीने विचारलं, “सर, स्वस्तातली अल्ट्रा-वाइड झूम घेतली तर पस्तावा होईल का?” मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा उत्तरही तिकडूनच देतो. ॲरिस्टॉटलच्या मते वस्तूचं चांगलेपण तिच्या कामात असतं. मग या लेन्सचं काम कोणतं?

लेन्स आहे कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी, एफ/४.५-५.६, आयएस एसटीएम. २०१४ साली ती २९९ डॉलरला आली. आधीची १०-२२ साधारण दुप्पट किमतीची होती. ही फक्त एपीएस-सी सेन्सरसाठी. फुल फ्रेमच्या हिशेबात १६-२९ धरा. वजन अवघं २४० ग्रॅम.

पैसे कुठे वाचवलेत ते उघड दिसतं. माउंट प्लास्टिकचा, अंतराची खिडकी नाही, हूड वेगळा विकत घ्यायचा. हे मी सोडून देतो. लहान ॲपर्चर मात्र सोडता येत नाही.

मी ती घेऊन कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलो. आत उजेड कमी, आणि ट्रायपॉड नव्हता. १० मिमीला हातात धरून साधारण सेकंदाचा सोळावा भाग जमतो. कंपनी चार स्टॉपच्या स्टॅबिलायझेशनचा दावा करते, म्हणजे कागदावर एक सेकंद. मी अर्ध्या सेकंदावर थांबलो. खांब आणि त्यांवरचे हत्ती स्वच्छ आले. स्तूपाभोवती फिरणारी माणसं मात्र पुसली गेली. स्टॅबिलायझर आपला हात स्थिर करतो, जग नाही. तेव्हा वास्तू आणि निसर्गासाठी घ्या. लग्नाच्या हॉलसाठी घेऊ नका.

आता नेहमीची तक्रार: “कडेचा माणूस फुगतो.” खरंय, पण हा स्वस्तपणाचा दोष नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हटलं की कडेच्या गोल वस्तू ताणल्या जाणारच. महागडी लेन्सही यातून सुटत नाही. तोच फोटो मोठा छापून अगदी जवळून बघा, ताण बराचसा जिरतो. म्हणजे दोष आपण कुठून बघतो त्यातही असतो. लेन्सवर टीका करताना तिचा दोष कोणता आणि भूमितीचा कोणता, हे आधी वेगळं करा.

माझे पहिले फोटो फसले ते वेगळ्याच कारणाने. “सगळं मावतं” या आनंदात मी लांब उभा राहिलो. मावलं सगळं, पण दिसलं काहीच नाही. ही लेन्स २२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. पुढची वस्तू मोठी येते, मागचं जग तिच्यामागे पसरतं. तिचं खरं काम जवळ जायला लावण्याचं आहे, आणि ते ती चोख करते.

तर बाई, पस्तावा होणार नाही. फक्त दोन पावलं पुढे जायची तयारी ठेवा.