महाधिवक्ता : शासनाचा वकील की संविधानाचा सल्लागार?

प्रस्तावना :
राज्यशासनाच्या अभ्यासात राज्यपाल, मंत्रिमंडळ व उच्च न्यायालय यांची चर्चा विस्ताराने होते. महाधिवक्ता या पदाचा मात्र केवळ उल्लेख होतो. वस्तुतः राज्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान मिळते तेव्हा त्याच्या समर्थनाची प्रमुख जबाबदारी याच पदावर येते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पेठ वडगावसारख्या शहरातील पक्षकारालाही शासनाची न्यायालयीन भूमिका आता जवळून पाहता येते. म्हणून या पदाची चिकित्सा अगत्याची ठरते.

घटनात्मक स्थान :
अनुच्छेद 165 अन्वये उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची राज्यपाल महाधिवक्ता म्हणून नियुक्ती करतात. शासनाला विधिविषयक सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य होय. अनुच्छेद 177 नुसार त्यास विधिमंडळात बोलता येते, मतदान करता येत नाही. शिवाय खाजगी व्यक्तीला फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाची याचिका दाखल करण्यासाठी 1971 च्या कायद्यानुसार त्याची संमती लागते. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध तो स्वतः दावा दाखल करू शकतो. या अधिकारांत तो शासनाचा नव्हे, तर लोकहिताचा प्रतिनिधी असतो. तथापि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो; ही मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाची असते. पदाचे मूलभूत वैगुण्य येथेच आहे.

दोन उदाहरणे :
एच. एम. सीरवाई 1957 ते 1974 या काळात महाधिवक्ता होते. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळ राज्याच्या बाजूने संसदेच्या अमर्याद घटनादुरुस्ती-अधिकाराचे समर्थन केले. न्यायालयाने 7 विरुद्ध 6 मतांनी मूलभूत संरचनेचा सिद्धान्त मांडला. पुढे आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत सीरवाईंनी हा सिद्धान्त स्वीकारला. आणीबाणीतील 1976 च्या बंदीप्रत्यक्षीकरण निकालावरही त्यांनी कठोर टीका केली. मतपरिवर्तनाचे हे धैर्य आदरणीय आहे. परंतु ते पद सोडल्यानंतरचे आहे, हे विसरता येत नाही.

श्रीहरी अणे यांचे उदाहरण वेगळे आहे. स्वतंत्र मराठवाड्याविषयीच्या विधानावरून वादळ उठल्यावर मार्च 2016 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हे विधान विधिविषयक सल्ल्याचे नव्हते आणि पदाधिकाऱ्याने राजकीय मत मांडावे काय, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही राजकीय रोषापुढे हे पद किती अल्पकाळ टिकते, याचे दर्शन या प्रसंगातून घडते.

निष्कर्ष :
अमेरिकेतील 43 राज्यांत समकक्ष अधिकारी थेट जनतेकडून निवडला जातो. परंतु निवडणूक म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तेथे पक्षीय स्पर्धेचा दोष शिरतो. महाराष्ट्रासाठी निश्चित कार्यकाल आणि कायदा संमत झाल्यावर त्यासंबंधीच्या घटनात्मक सल्ल्याचे प्रकाशन हे दोन उपाय अधिक युक्त वाटतात. चालू खटल्यातील सल्ला गोपनीय राहणे योग्यच; पण विधेयक घटनाबाह्य ठरण्याचा इशारा मिळूनही ते रेटले गेले काय, हे जाणण्याचा नागरिकांना अधिकार आहे. तोवर या पदाची प्रतिष्ठा त्या पदावरील व्यक्तीच्या चारित्र्यावरच विसंबून राहील. घटनात्मक संस्थेला एवढा आधार पुरेसा नाही.