गाणे अखंड, चित्र खंडित

नागपुरात दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेला जनसमुदाय आपण सर्वांनीच पाहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची स्मृती तो ग्रंथांइतकीच गाण्यांतून जपतो. ज्यांचा इतिहास बव्हंशी इतरांनी लिहिला, त्यांच्या स्मृतीला पडद्यावर कोणते रूप द्यावे, हा प्रश्न दोन माहितीपट पाहताना आमच्या मनात घोळत राहिला : जॉन अकोम्फ्रा यांचा ‘हॅन्ड्सवर्थ साँग्ज’ (१९८६) आणि आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). ही तुलना ओढूनताणून केलेली नव्हे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते.

सप्टेंबर १९८५ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या हॅन्ड्सवर्थ भागात दंगल उसळली. घानामध्ये जन्मलेले अकोम्फ्रा व त्यांचे ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’मधील सहकारी तिची सरळ हकिगत सांगत नाहीत. कॅरिबियन बेटांतून आशेने आलेल्या माणसांची जुनी दृश्ये, कौटुंबिक छायाचित्रे, वृत्तपट आणि जळालेले रस्ते ते एकमेकांशेजारी ठेवतात. ‘जेरुसलेम’ हे इंग्रजी स्तोत्रदेखील भंगलेल्या, घुमत्या स्वरांत ऐकू येते. १९८७ साली सलमान रश्दी यांनी आक्षेप घेतला की, या वस्तीतील माणसे येथे स्वतःच्या वाणीने बोलतच नाहीत. जमैकात जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिले की, नवी भाषा घडविण्याची ही धडपड रश्दींच्या ध्यानात आलेली नाही.

पटवर्धनांची वाट वेगळी. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. याच शाहिरांचे गाणे पटवर्धनांनी पूर्वी ‘हमारा शहर’मध्ये टिपले होते. पुढे चौदा वर्षे त्यांचा कॅमेरा वस्त्यावस्त्यांतून फिरला. शीतल साठे यांच्यासारख्या तरुण शाहिरांचे गाणे तो घाईने तोडत नाही. ऐकत उभा राहतो.

म्हणजे रश्दींची मागणी येथे पूर्ण होते. मग अकोम्फ्रा चुकले का? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या हाती आलेली बरीचशी चित्रे परक्या कॅमेऱ्याने घेतलेली होती. ती जशीच्या तशी दाखविणे म्हणजे परक्याची नजरही स्वीकारणे. म्हणून ती मोडणे भाग होते. पटवर्धनांना जिवंत गायक लाभले, म्हणून ऐकणे पुरले. मात्र सुखवस्तू शहरवासीयांना विचारलेल्या प्रश्नांत आम्हांस उणीव जाणवते. त्यांच्या अज्ञानाला हसताना प्रेक्षक स्वतःला सहज निर्दोष ठरवितो. अकोम्फ्रांचा चित्रपट ही सुटका देत नाही. तेथे हसण्याजोगे कोणी नाही. पाहणाऱ्यालाच आपली जागा शोधावी लागते.

दोन्ही चित्रपट संपल्यावर आम्हांस धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची नोंदवही आठवली. तिच्यात नाव असते, तारीख असते, आईबापांची नावे असतात. आजी कोणत्या गावाहून, काय मागे टाकून आली आणि जात्यावर काय गात होती, हे तिच्यात नसते. तसे लिहिण्यास तिच्यात रकानाच नाही. ते सांगू शकणारी माणसे आपल्या घराघरांत अजून बसलेली आहेत. त्यांना विचारण्यास कॅमेरा लागत नाही.