डाव कुणी पाहिला?

(मनीषनगर, नागपूर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पाऊस असूनही फाटकाच्या पलीकडून इतके लोक आले, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

विषय आहे चाहत्यांचा. खेळाडूंचा नाही बरं का, चाहत्यांचा. त्यातही महिला खेळाडूंच्या चाहत्यांचा. मी स्वतः त्यातलाच आहे, म्हणून हे बाहेरून केलेलं परीक्षण समजू नका.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला दिव्या देशमुखनं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी 2002 साली ग्रँडमास्टर झाली आणि दिव्याचा जन्म डिसेंबर 2005 चा. म्हणजे ही जन्मली तेव्हा ती तीन वर्षांची जुनी ग्रँडमास्टर होती! दिव्या स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. परत आली ती भारताची 88वी ग्रँडमास्टर होऊन. नागपुरात त्या आठवड्यात एकच वाक्य ऐकू येत होतं, "आपली पोट्टी जिंकली." मलाही ते वाक्य आवडतं. त्यात माया आहे, हक्क आहे.

पण त्याच पोट्टीनं दीड वर्ष आधी काय लिहिलं होतं, ते किती जणांच्या लक्षात आहे? जानेवारी 2024 मध्ये ती नेदरलँड्सला वाइक आन झी इथं टाटा स्टील स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात खेळली. वय 18. नंतर तिनं इन्स्टाग्रामवर लिहिलं. त्याचा आशय असा, की प्रेक्षकांना माझे डाव दिसतच नाहीत. कपडे, केस, उच्चार, बाकी सगळं दिसतं. पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे फारच कमी येतं, असंही तिनं म्हटलं होतं.

आता योगायोग बघा. तो चॅलेंजर्स गट जिंकला आपल्या शेजारच्या गोव्याच्या लिऑन मेंडोन्सानं. लिऑन व्हायोलिन वाजवतो, त्याच्याबद्दल लिहिताना ते हटकून येतं. पण कुठं येतं? आधी डाव, मग व्हायोलिन. दिव्याच्या बाबतीत क्रम उलटा झाला आणि बऱ्याच ठिकाणी दुसरा भाग आलाच नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

कारण एक गोष्ट मला सरळ सांगायची आहे. खेळाडू आकर्षक वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. खेळ शरीरानं खेळतात, ते शरीर हजारो लोकांसमोर असतं आणि बघणारा माणूस असतो. त्याला काही वाटणारच. काही सज्जन मंडळी म्हणतात, रूपाबद्दल अवाक्षर काढू नका, फक्त आकडे बोला. मला हे पटत नाही. अशानं खेळाचं परीक्षण म्हणजे जमाखर्चाची वही होईल. स्मृती मानधनाचा कव्हर ड्राइव्ह सुंदर आहे, हे वाक्य आकड्यात कसं सांगणार? चेंडू उशिरा खेळते, मनगट शेवटच्या क्षणी वळतं, आणि मारल्यासारखं वाटतच नाही. ते बघायला मी रात्री जागतो. हे आकर्षण नाही तर काय आहे?

पण मग याच मुलीला 'नॅशनल क्रश' म्हटलं जातं, तेव्हा काय होतं? हा शब्द नीट तपासा. त्यात सांगली नाही, डावखुरेपण नाही, बॅट नाही. 2013 साली 19 वर्षांखालील स्पर्धेत गुजरातविरुद्ध महाराष्ट्राकडून तिनं नाबाद 224 केल्या, ते नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 50 चेंडूंत शतक केलं, तेही नाही. त्याआधी भारताकडून एकदिवसीय सामन्यातलं सर्वांत वेगवान शतक विराट कोहलीचं होतं, 52 चेंडूंचं. तिनं तो पुरुषांसकट सगळ्यांचा विक्रम मागे टाकला, आणि 'क्रश' या शब्दात यातलं काहीही मावत नाही. हा शब्द उद्या कुठल्याही नटीला चिकटवा, चालून जातो. टीका म्हणून पाहिलं तर तो आळशी शब्द आहे. अश्लील वगैरे नंतर, आधी आळशी.

त्यापेक्षा आपली जुनी मराठी वर्तमानपत्रं बरी, असं मी म्हणेन. कविता राऊतला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटलं, ललिता बाबरला 'माणदेशी एक्स्प्रेस'. हसू येतं, प्रत्येक धावणारी आपली एक्स्प्रेसच! (हशा) पण त्या नावात गाव आहे आणि धावणं आहे. ललिता 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला. त्या टोपणनावानं निदान वाचणाऱ्याला ट्रॅककडे नेलं.

हे फक्त चाहत्यांचं पाप आहे असंही नाही. 2011 मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघानं नियम काढला होता, वरच्या स्तरावरच्या महिलांनी स्कर्ट घालावा. कारण? खेळ अधिक आकर्षक दिसावा. विरोध झाला, पुढच्या वर्षी तो गुंडाळावा लागला. विचार करा, जानेवारी 2022 मध्ये इंडिया ओपनला आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं सायना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं. सायना दुखापतींतून सावरत होती हे खरं. तरीही ज्या खेळाडूकडे बघत आपण मोठे झालो, तिच्यासमोर हात न थरथरता खेळणं ही काय चीज आहे! मालविका डावखुरी. त्या सामन्यातलं आकर्षण होतं ते तिच्या न घाबरण्यात. कापडाची लांबी ठरवणाऱ्या समितीला ते कुठून दिसणार?

आणि बुद्धिबळात तर आपल्याकडे याला मोठा इतिहास आहे. 1976 मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय 13. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. तेव्हा म्हणत होते, मुलगी आहे, हिला बसू देऊ नका. आता म्हणतात, किती गोड दिसते. मला दोन्हीत एक साम्य दिसतं. पटावर काय चाललंय ते बघायचं टाळता येतं.

(श्रोत्यांतून प्रश्न : पण विराटच्या दाढीवरही बोलतातच की लोक. मग फरक काय?)

चांगला मुद्दा काढलात काका. बोलतात, आणि बोलू द्या. पण विराटला दाढीसाठी कुणी खेळाडू म्हणून रद्द करत नाही. त्याची कव्हर ड्राइव्ह आधी मान्य झालेली असते, दाढी वरची साय. 18 वर्षांच्या मुलीच्या बाबतीत साय आहे, दूधच मोजत नाहीत. आणखी एक, विराटवरचं बोलणं ऐकून त्याला मुलाखतीत खेळाबद्दल विचारायचं राहून जात नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : आम्हाला बुद्धिबळ कळतच नाही सर. मग चेहराच बघणार ना?)

अगदी प्रामाणिक प्रश्न. बघा की चेहरा! प्रक्षेपणात कॅमेरा चेहऱ्यावरच असतो. पण चेहऱ्याबरोबर घड्याळ बघा. बातुमीच्या अंतिम फेरीत दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, मग पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडला दिव्याकडे काळी मोहरी होती. हम्पीचा वेळ संपत आला, तिथं तिच्या हातून चूक झाली, आणि दिव्यानं ती सोडली नाही. नंतर आईच्या गळ्यात पडून ती रडली, तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सुंदरच फोटो आहे. पण आधीचा डाव पाहिला असेल, तर ते रडू कशाचं होतं ते कळतं. नाहीतर ती नुसती एक रडणारी गोड मुलगी राहते.

आणि अंतिम फेरीपेक्षाही मला उपान्त्य फेरीतला डाव जास्त आवडतो. समोर तान झोंगयी, माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत, दुसरा दिव्यानं जिंकला, 101 चालींत! तो निर्दोष डाव नाही. दोघींनीही चुका केल्या, जिंकत आलेला डाव निसटून पुन्हा हातात आला. जाणकार नाक मुरडतील, पण मला त्या डावात तिचा हट्ट दिसतो. शंभर चालींनंतरही खुर्चीत तशीच बसून राहणं, हे देखणेपण आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

ऑनलाइन मिळतो तो डाव. हळूहळू पुढे सरकवत बघितला तर रविवारची दुपार सहज जाते. सोंगट्या कशा चालतात एवढं माहीत असलं तरी चालेल, नसलं तर घरातल्या पोराला शेजारी बसवा. हं, मागून कुणाचा हात वर आहे?