प्रबंधांतील आसनविचार

राज्यसंस्था, देवस्थानें व मठ यांवरील विद्यापीठीय प्रबंधांत आसनवाचक शब्द पदोपदीं येतात. सिंहासन, गादी, मसनद, पीठ, खुर्ची या सर्वांचा अर्थ 'बसावयाची जागा' एवढाच धरून जेथें विवेचन होतें, तेथें आमचा आक्षेप आहे. आसन कशाचें घडविलें हा प्रश्न गौण होय. त्यावर कोणीं कोणास बसविलें, आणि बसणारा उठून गेल्यावर त्या आसनाचें काय उरतें, हा मुख्य.

ईट (ता. भूम) येथें बसून लिहितांना पहिला दाखला जिल्ह्यांतलाच सुचतो. तुळजापूरची भवानी ही चल मूर्ति आहे. वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रा घेते. त्या दिवसांत सिंहासन रिकामें असतें. परंतु तें देवीचें नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. आसनाचा अधिकार आसनस्थाच्या देहाहून निराळा आहे, हें येथील भाविकास शिकवावें लागत नाहीं.

आतां राज्यासनाकडे वळूं. सभासदाची बखर रायगडचें तख्त बत्तीस मण सोन्याचें सांगते. या वजनाची चिकित्सा अवश्य व्हावी. तथापि तें आसन राजत्वाचें झालें तें ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ (६ जून १६७४) रोजींच्या अभिषेकपूर्वक आरोहणानें, सोन्यानें नव्हे. उलटपक्षीं पुण्याची गादी कितीही प्रबळ झाली, तरी पेशवेपदाचीं वस्त्रें छत्रपतींकडूनच येत. तिला राजसिंहासन म्हणणें म्हणजे प्रधानास धनी ठरविणें होय.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. गादी शाश्वत, बसणारा मात्र बदलतो, या न्यायानें राज्य पुढें चालावयास हवें होतें. डलहौसीच्या सरकारानें राज्याच्या वारशापुरतें तें दत्तविधान अमान्य केलें व राज्य खालसा केलें. 'गादी' या एका शब्दाच्या अर्थावर एक राज्य गेलें!

खुर्चीची गोष्ट आणखी वेगळी. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्या दरबारीं इंग्रज रेसिडेंट जोडे काढून बिछायतीवर बसत. १८६९ त अफजलुद्दौला वारल्यावर बाल महबूब अली खान यांस मसनदीवर बसविलें, त्या वेळीं रेसिडेंट साँडर्स व त्यांचे सहकारी जोड्यांसह खुर्च्यांवर बसले. मसनद होती तेथेंच राहिली. पण शेजारीं खुर्ची येतांच तिचा दर्जा उतरला. या प्रसंगाची नोंद 'फर्निचर' या सदराखालीं करणाऱ्यास दरबारच समजला नाहीं, असें आम्ही म्हणूं.

सुतारकाम, नक्षी, लांकूड यांचा अभ्यास निरुपयोगी आहे असा आमचा आशय नाहीं. वस्तूचें ज्ञान हवेंच. परंतु तें विधीच्या व हक्काच्या ज्ञानाची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक आसनाविषयीं प्रबंधकारानें तीन गोष्टी नोंदवाव्या: बसविणारा कोण, बसणारा कोण, आणि आसन रिकामें असतां त्याच्या नांवानें काय चालतें.

विद्यापीठांतील अध्यासनासही हीच कसोटी लागते. प्राध्यापक निवृत्त होतो, अध्यासन राहतें. आणि तें रिकामें ठेवलें तर त्या विषयाची परंपरा खुंटते. ज्यास आपल्या मार्गदर्शकाच्या अध्यासनाचा हा अर्थ उमगला, त्यास साताऱ्याच्या गादीचाही उमगावा.