हे कुठले आदिवासी?

शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही 'आदिवासी नृत्य' केलं होतं. अंगाला काळा रंग, कमरेला कागदाची पानं, हातात भाला. कॉलेजात असताना आईने तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. शेजारी माझा रूममेट बसला होता, जव्हारचा वारली. फोटो बघून तो हसला. म्हणाला, "हे कुठले आदिवासी रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारली बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात. तारप्याच्या नाचात एकमेकांना धरून फेर धरतात, भाले नाचवत नाहीत. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत हा फेर दिसतो. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमचा पोशाख मात्र थेट हिंदी सिनेमातून आला होता.

त्याच वर्षी अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हॅलोवीनआधी पोस्टर्स काढली. प्रत्येकात एक विद्यार्थी आणि त्याच्या हातात त्याच्याच समाजाचं सोंग घेतलेल्या कुणाचा तरी फोटो. पोस्टर्स गाजली, त्यांची टिंगलही झाली. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' असं आपल्याकडेही म्हणतात. पण रूममेटला वाईट वाटलं का, एवढंच विचारलं तर हसून सोडून देणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी ठरते. प्रश्न सोंग घेणाऱ्याला हवा: कुणाला बघून घेतलंस?

यंदा भाचीच्या शाळेतून 'आदिवासी ड्रेस आणणे' अशी चिठ्ठी आली. भाड्याच्या दुकानात तीच पानं टांगलेली होती.